‘वा, छान!’ आता पुरे

हौशी माणसाच्या फोटोचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे कोणी विचारले तर आम्ही अपुऱ्या उजेडाचे नाव घेणार नाही, की स्वस्त कॅमेऱ्याचेही नाही. आम्ही बोट दाखवू ते ‘वा, छान!’ या दोन शब्दांकडे.

दिवाळीच्या चार दिवसांत हे शब्द घरोघर चिवड्याबरोबर वाटले जातील. पुतण्या मोबाइल पुढे करील, काका चष्मा न लावताच ‘वा, छान!’ म्हणतील आणि बशीकडे वळतील. चकली तेलात विरघळली, तर ‘मोहन जास्त पडले’ असे आजी स्पष्ट सांगते. गाण्याच्या शिकवणीत सूर उतरला, तर मास्तर पेटी थांबवतात. तेथे कोणी रुसत नाही. मग फोटोनेच असे कोणते पाप केले आहे, की त्याच्याविषयी कोणी खरे बोलू नये?

नवशिक्याचा हिरमोड करू नये, असे म्हणतात. कबूल! पण कौतुक निराळे आणि टाळाटाळ निराळी. १८८७ साली लंडनच्या ‘ॲमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाच्या स्पर्धेत आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या तेवीस वर्षांच्या हौशी तरुणाला पहिले बक्षीस मिळाले. फोटो होता इटलीतल्या बेलाजिओ गावच्या हसऱ्या पोरांचा. परीक्षक पीटर हेन्री इमर्सन यांनी त्यातली उत्स्फूर्तता नेमकी हेरली. आपल्याला काय साधले, हे त्या तरुणाला कळले. पुढे तो या कलेतला केवढा मोठा माणूस झाला, हे जग जाणते. कौतुक करायचे तर असे, कारणासह!

दुसरे टोक पंडितांचे. फोटो हाती येताच ते मनातल्या मनात त्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेघा ओढतात. हा एकतृतीयांशाचा नियम जॉन टॉमस स्मिथ याने १७९७ साली निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात मांडला. त्या वेळी जगात एकही फोटो निघालेला नव्हता! नियम उपयोगी आहे, नाही असे नाही. पण आजीचे वाती वळणारे हात समोर असता ‘हात मधोमध आले’ एवढेच ज्याला दिसते, तो फोटो पाहतच नाही; तो फूटपट्टी पाहतो.

मग बोलावे कसे? नजर आधी कोठे गेली आणि कोठे अडखळली, ते सांगावे. ‘डोळा पणतीवर गेला, पण मागच्या ट्यूबलाइटने तो ओढून नेला, ती मालवून पुन्हा काढ बघू.’ एवढे वाक्य शंभर वाहवांना भारी आहे.

दाखवणाऱ्यांनाही दोन शब्द. ‘आम्ही पहाटे चारला उठून गड चढलो होतो हो!’ असले समर्थन कृपा करून आवरा. गड तुम्ही चढलात. पाहणारा चढलेला नाही. त्याला जे दिसले नाही, ते तुमच्या मनात असेल, फोटोत नाही. आधी मुकाट्याने ऐका. पटले नाही तर खुशाल सोडून द्या; मात्र सोडायचे ते ऐकून घेतल्यावर.

आणि ही काही परदेशी थेरे नव्हेत. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. काचा आणि रसायने सांभाळत एकेक फोटो काढण्याचे ते दिवस. तरी माणसे या कलेच्या चर्चेसाठी एकत्र जमत, मासिक चालवीत. आज फोटो फुकट निघतो, म्हणून पाहणेही फुकटात उरकावे काय?

ज्या मुलाला कोणी चूक दाखवत नाही, ते मूल चुका करायचे थांबत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आपले काम कोणी पाहत नाही. आणि एक दिवस ते दाखवायचेच थांबते.

तेव्हा मंडळी, यंदा कोणी फोटो पुढे केला, तर बशी खाली ठेवा, चष्मा लावा आणि आधी नीट पाहा.