धोका जनतेचा, गुपित मूठभरांचे!

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 1977 साली सिटीकॉर्प सेंटर ही 59 मजली, 279 मीटर उंच कार्यालयीन इमारत उभी राहिली. जागेच्या एका कोपऱ्यावर चर्च होते आणि तिथेच नवे चर्च बांधून द्यायचे होते. म्हणून अभियंता विल्यम लमेझरियर यांनी इमारतीचे मोठे खांब कोपऱ्यांत न घेता चारही बाजूंच्या मध्यभागी घेतले. सुमारे नऊ मजल्यांइतक्या उंच खांबांवर सारा डोलारा पेलला गेला.

जगाने वाहवा केली. मात्र पोलादी सांगाड्याचे जोड वेल्डिंगने करायचे ठरले असताना ते बोल्टने केले गेले. बोल्ट स्वस्त पडतात, काम लवकर उरकते! 1978 मध्ये विद्यार्थ्याकडून आलेल्या प्रश्नानंतर लमेझरियर यांनी पुन्हा आकडेमोड केली. कोपऱ्यावर तिरक्या आदळणाऱ्या वाऱ्याने जोडांवरील ताण 160 टक्क्यांनी वाढत होता. डोलणे रोखणारे माथ्यावरचे 400 टनी यंत्र वीज जाऊन बंद पडले, तर सरासरी 16 वर्षांतून एकदा येणारे वादळही इमारत पाडू शकेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी मालकांना आणि नगर प्रशासनाला हे सांगितले. कर्मचारी घरी गेल्यावर रात्री जोडांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्डिंगने बसवल्या जाऊ लागल्या. परिसर रिकामा करण्याची गुप्त योजनाही तयार होती. सप्टेंबरमध्ये ‘एला’ वादळ आले, सुदैवाने समुद्राकडे वळले. दिवसा त्याच इमारतीत काम करणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. वृत्तपत्रांचा संप चालू होता. सारी हकिकत उघड झाली ती 1995 मध्ये!

लमेझरियर यांना आज नीतिमत्तेचा आदर्श मानले जाते. त्यांनी दोष लपवून इमारत तशीच सोडली नाही, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण आमचा सवाल वेगळा आहे. ज्यांच्या डोक्यावर इमारत कोसळणार होती, त्यांना अंधारात ठेवण्याचा अधिकार या मूठभरांना कोणी दिला? धोका इतका मोठा नव्हता, असे पुढे काही तज्ज्ञांनी दाखवले. पण निर्णय घेणाऱ्यांना तो तेव्हा मोठाच वाटत होता, आणि तरीही ते गप्प राहिले.

‘घबराट पसरेल’ हा युक्तिवाद आम्हाला नवा नाही. सत्ता हाती असणारे जनतेला नेहमीच अजाण समजतात. माहिती मिळाली असती तर झाडूवाल्यालाही ठरवता आले असते, वादळाच्या दिवशी कामावर जायचे की नाही.

आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात, कलम 7 नुसार, जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अर्ज आल्यापासून 48 तासांत देणे बंधनकारक आहे. खासगी इमारतीची जी माहिती महापालिका अन्य कायद्याखाली मिळवू शकते, तीही या कायद्याच्या कक्षेत येते. पण न मागता माहिती कोण देतो? म्हणून आमचे सांगणे एवढेच: टॉवर बांधणारे, झाडणारे, त्यात राबणारे यांनी हे कलम वापरावे. पोलादाची मजबुती अभियंता तपासेल. अभियंत्याला आणि मालकाला जाब मात्र जनतेनेच विचारला पाहिजे.