बोकडाचे दात

बकरी ईदच्या आधी आम्ही करमाडच्या बाजारात बोकड पाहायला गेलो. ओठ उचलताच धाकटा दचकला. "चाचा, याचे वरचे दात कुठे गेले?" त्याला वाटले, जनावरात ऐब आहे, कुर्बानीला चालणार नाही.

ऐब नव्हताच. शेळी, मेंढी, गाय, बैल यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथे टणक हिरडी असते. खालचे आठ दात तिच्यावर दाबून पाला तोडायचा, मग दाढांनी दळायचा. तरी पूर्ण वाढलेल्या शेळीचे दात मोजले तर बत्तीसच भरतात, आपल्याइतके! मांजराला शिकार धरायला सुळे. सशाचे पुढचे दात झिजतात, म्हणून जन्मभर वाढतात. ज्याचा जसा घास, तसे त्याचे दात.

वयही दातच सांगतात. दुधाचे दात बारीक असतात. वर्ष-दीड वर्षाच्या दरम्यान मधले दोन पडून रुंद दात येतात. तो 'दोन दाती'. पुढे चार, सहा, आठ. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण हवे, म्हणून ही तपासणी.

एका धिप्पाड बोकडाचे सगळे दात दुधाचे निघाले. तेवढ्यावरून वय कमीच असे म्हणता येत नाही. पण मालकाला जन्माचा महिनाही सांगता येईना. मन त्याच्यावरच होते, तरी तो सोडला. अंगाने जरा कमी, पण दोन दाती घेतला.

परतताना धाकटा आपला हलणारा दात चाचपत होता. "अब्बा, मी दोन दाती कधी होणार?"