लाकडी ठसा : शोभेची वस्तू की उत्पादनाचे साधन?

एखाद्या उद्योगाची अवजारे कारखान्यातून निघून दिवाणखान्याच्या भिंतीवर जाऊन बसली, म्हणजे त्या उद्योगाची अवस्था सांगण्यास निराळ्या अहवालाची गरज उरत नाही. कापडावर नक्षी उमटविण्यासाठी वापरले जाणारे ब्रिटिश अमदानीतील लाकडी ठसे आज त्याच वाटेने चालले आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, जयपूर-अहमदाबादच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि युरोप-अमेरिकेतील गृहसजावटीच्या बाजारात हे ठसे नगावर विकले जातात. कोणी त्यांना खुंट्या ठोकतो, कोणी त्यांवर मेणबत्ती ठेवतो. व्यवहार दिसायला किरकोळ आहे. परंतु ज्या वस्तूत एका पिढीचे कसब आणि दुसऱ्या पिढीची उपजीविका साठविलेली असते, तिचा असा निकाल लागावा काय, हा प्रश्न मात्र किरकोळ नाही.

ठसा म्हणजे केवळ कोरीव लाकडाचा तुकडा नव्हे. गांधीनगरजवळच्या पेथापूर गावी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुरलेल्या सागाचा तुकडा घासून सपाट करावयाचा, त्यावर पांढरा लेप देऊन नक्षी उतरवावयाची, मग सामत्याने भोके पाडून आणि बारीक छिन्न्यांनी लाकूड काढून रेषा तेवढी उभी ठेवावयाची, असा हा क्रम. हवा व जादा रंग निघून जावा म्हणून आरपार छिद्रे ठेवावी लागतात आणि लाकूड तडकू नये म्हणून तयार ठसा कित्येक दिवस तेलात मुरवावा लागतो. शिवाय एका ठशाने नक्षी पुरी होत नाही. बाह्यरेषेचा ‘रेख’, पार्श्वभूमीचा ‘गद’ आणि आतले रंग भरणारे ‘दत्ता’, असा संच लागतो. जितके रंग तितके ठसे, आणि ते सर्व एकमेकांशी केसभरही न चुकता जुळले पाहिजेत.

जुनाच अनुभव

या ठशांमागे एक मोठा आर्थिक इतिहास उभा आहे. भारतीय छिटांनी इंग्लंडची बाजारपेठ व्यापल्यावर तेथील लोकरीच्या व रेशमाच्या धंद्यांनी ओरड केली. १७०१ सालापासून छापील कापडाची इंग्लंडमधील वापरासाठी होणारी आयात बंद झाली आणि १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासच मनाई झाली. ही बंदी १७७४ मध्ये उठली. तोवर इंग्रज कारखानदार या धंद्यात स्थिरावले होते, आणि १७८३ साली टॉमस बेलने रूळावरील छपाईचे स्वामित्व मिळविले. पुढे १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन याने भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत एकत्र केले. त्या संग्रहाचे २० संच तयार झाले व त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये ठेवण्यात आले. हिंदुस्थानात कोणते कापड खपेल हे तेथील गिरणीवाल्यांना घरबसल्या कळावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो लपविलेलाही नव्हता.

तथापि यंत्राच्या आगमनाबरोबर हातछपाई एका फटक्यात मेली, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वस्त गिरणी कापडाने कातणाऱ्यांचा घास काढून घेतला, विणकरालाही जबर तडाखा दिला. छापणाऱ्याला मात्र तेच कापड कच्चा माल म्हणून उपयोगी पडले. पेथापूरच्या ठशांनी छापलेले ‘सौदागिरी’ कापड अहमदाबादेहून सयामला जात असे. सयामी ग्राहकाच्या आवडीच्या आकृत्या गुजरातचा सुतार सागावर कोरीत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा व्यापार संपला. महाराष्ट्रातही भावसार समाजाचा कापड रंगविण्याचा व छापण्याचा परंपरागत व्यवसाय होता. आज त्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे अन्य व्यवसायांत आहेत. ठसे राहिले, त्यांना काम राहिले नाही.

किमतीचे गणित

काम थांबलेल्या अवजाराची कारखानदाराच्या दृष्टीने किंमत जळणाच्या लाकडाइतकी. अशा वेळी दुकानदार दारी येऊन चार पैसे अधिक देत असेल, तर कारागिराने ते नाकारावे ही अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष विकणाऱ्याचा नाही. दोष बाजाराच्या मोजमापात आहे. बाजार ठशाच्या शोभेला किंमत देतो, त्यातील नक्षीला देत नाही. आणि येथेच खरे नुकसान होते. ग्राहकाला देखणा ‘रेख’ हवा असतो, ओबडधोबड दिसणारा ‘गद’ नको असतो. म्हणून संच फुटतो, एक ठसा परदेशी जातो, उरलेले चुलीत जातात. कुलूप एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे गेली, म्हणजे दोन्ही निरुपयोगी होतात. फुटलेल्या संचातून मूळ कापड पुन्हा कधीही छापता येत नाही.

कायद्याचे संरक्षण येथे अपुरे पडते. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. परंतु ठशावर सालाची नोंद क्वचितच असते. शिवाय स्वातंत्र्याला अद्याप शंभर वर्षे झालेली नसल्याने, ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या वर्षांतील ठसे या व्याख्येबाहेरच राहतात. सौदागिरीचे शेवटचे ठसे नेमके याच काळातील. २००० सालचा डिझाइन कायदा नव्या नक्षीला जास्तीत जास्त पंधरा वर्षे संरक्षण देतो. जुन्या नक्षीला तो ओळखतच नाही. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याने सांगानेरीसारख्या छपाईच्या नावाचे रक्षण होते, नक्षीचे नव्हे. परिणामी ठशावरून नक्षी उतरवून घेऊन कोणीही ती यंत्रावर हजारो वार छापावी आणि मूळ गावाला एक पैही मिळू नये, हे आजच्या व्यवस्थेत पूर्णपणे कायदेशीर आहे. वॉटसनला निदान सरकारी खजिन्यातून खंड छापावे लागले होते.

उपाय अवघड नाहीत

विक्रीवर सरसकट बंदी घालणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने कारागिराचे तुटपुंजे उत्पन्न बुडेल आणि व्यापार चोरवाटेने चालेल. पहिली गरज आहे ती नोंदीची. जुन्या ठशांचे संच जेथे जेथे आहेत तेथे जाऊन त्यांचे छाप कापडावर व कागदावर घ्यावेत, कोणता ठसा कोणत्या संचातील हे लिहून ठेवावे. अहमदाबादचे १९४९ मधील कॅलिको संग्रहालय, आमेर येथील २००५ मधील हातछपाईचे संग्रहालय यांनी कापडाची व या कलेची उत्तम जपणूक केली आहे. पण एकदोन संस्थांनी पेलावे एवढे हे काम लहान नाही. विद्यापीठे व कलाशाळा यांना ते वाटून देता येईल. दुसरे, पुरे संच योग्य भावाने विकत घेण्यासाठी राज्य सरकारांनी निधी ठेवावा. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, नोंदलेल्या नक्षी छापणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना विनामूल्य वापरू द्याव्यात आणि यंत्रावर छापणाऱ्या उद्योगाकडून त्यांचे शुल्क घेऊन ते कारागिरांच्या निधीत जमा करावे. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. तिला विलंब लागेल हे गृहीत धरले, तरी नोंदीचे काम त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

पुढाकार कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. १९५२ साली स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० मध्ये बरखास्त करण्यात आले. त्या मंडळाच्या कार्यक्षमतेविषयी मतभेद असू शकतील, परंतु कारागिरांची बाजू दिल्लीत मांडण्याचे एक ठिकाण त्याबरोबर गेले. त्याची जागा केवळ प्रदर्शने आणि मेळावे भरवून भरून निघणार नाही.

दीडशे वर्षांपूर्वी परक्या सत्तेने या देशातील नक्षीचे मोल ओळखले, पद्धतशीर नमुने गोळा केले आणि त्यावर आपले कारखाने चालविले. त्यात अन्याय होता, पण अज्ञान नव्हते. आज नक्षीचा साठा असलेली अवजारे किरकोळ भावाने दारावरून जात आहेत, आणि ती काय आहेत याची यादीही कोणाजवळ नाही. तेव्हा दोष देण्यास परकी सत्ता होती. आता ती सोयही उरलेली नाही.