वेदीचे दगड आणि समीक्षेचे हत्यार

जुन्या करारातील वेदीविषयक आज्ञा परस्परविरोधी आहेत, एवढे सांगून संहितेची वासलात लावणारे समीक्षक आणि त्याच आज्ञांचा ओढूनताणून समन्वय साधणारे भाष्यकार एकमेकांचे विरोधक समजले जातात. वस्तुतः दोघांचे गृहीत एकच आहे: पवित्र संहितेला एकच आवाज असला पाहिजे. हे गृहीतच तपासावयास हवे.

‘निर्गम’च्या २०व्या अध्यायात वेदी मातीची सांगितली आहे, दगडाची केल्यास दगड अनघड हवेत, हत्यार लागताच ती भ्रष्ट होते, तिला पायऱ्याही नकोत. २७व्या अध्यायात मात्र बाभळीच्या लाकडाची, पितळेने मढविलेली, पोकळ वेदी येते. ‘यहेज्केल’च्या ४३व्या अध्यायातील वेदीला तर पायऱ्या आहेत. पोकळीत माती भरावयाची, असा तोडगा यहुदी भाष्यपरंपरेने काढला. वेलहाउझेनने १८७८ मध्ये असे भेद निरनिराळ्या काळांतील विधिसंहितांचे थर म्हणून वाचले. पण थर वेगळे केले म्हणजे अर्थ लागला, असे नव्हे. ज्या संपादकांनी हे थर एकत्र ठेवले, त्यांना विरोध दिसत नव्हता काय? उत्खननाची साक्षही बोलकी आहे. तेल अराद येथील वेदी माती व अनघड दगडांची. बेरशेबा येथे १९७३ मध्ये सापडलेली वेदी घडीव दगडांची. दोन्ही यहूदाच्याच राज्यातील.

हा प्रश्न केवळ बायबलपुरता नाही. सेमाडोहच्या परिसरातील कोरकू परंपरेत ग्रामदेव मुठवा हा दगडांच्या राशीच्या रूपात पुजला जातो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्येच तशी नोंद केली आहे. मृतांच्या स्मरणार्थ उभारावयाचा मुंडा मात्र सागवानी आणि कोरीव असतो. देवाला अनघड दगड, पूर्वजाला कोरलेले लाकूड. एकसंधतेचा आग्रह येथे आणला की यांपैकी एक रूप ‘मूळ’ व दुसरे ‘उसने’ ठरते. आणि तो निवाडा देतो कोण, तर बाहेरचा अभ्यासक. छापील ग्रंथ असा निवाडा पचवतो. मौखिक परंपरेच्या बाबतीत मात्र पुष्कळदा निवाडाच ग्रंथ होऊन बसतो.

म्हणून विसंगती दिसताच ती तासून टाकण्यापूर्वी कोणती आज्ञा कोणाला, कोठे व कशासाठी दिली आहे, हे विचारणे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते. ते टाळून साधलेली एकवाक्यता संहितेची नसते. ती समीक्षकाची सोय असते.