रात्री कोण असतं?

वृद्धाश्रम हा शब्द काढला की आपल्याकडची चर्चा दहाव्या मिनिटाला "आजकालची मुलं नालायक" या स्टेशनावर येऊन थांबते. पुढे गाडी हलतच नाही. तिथं सांभाळ कसा होतो, तो कोण करतं, किती जण करतात, हे विचारायच्या आत सगळ्यांचे डोळे ओले झालेले असतात.

आमच्या लातूरचंच बघा. जिल्हा परिषदेनं २०२० च्या शेवटी ठरवलं, जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांचा ३० टक्के पगार कापून थेट आईवडिलांच्या खात्यात भरायचा. १२ जणांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यात ६ शिक्षक. ७ जणांचे पगार खरंच कापले गेले. देशभर बातमी झाली. मला स्वतःला तो निर्णय आवडला होता, कारण न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. पण खात्यात पैसे आल्यानं रात्री लघवीला उठवायला माणूस येत नाही हो.

आणि सगळेच काही नालायक नसतात. लातूर पॅटर्नसाठी आईबापांनी ट्यूशनच्या फिया भरल्या, पॅटर्न यशस्वी झाला, पोरं हिंजवडीत नाहीतर त्याही पलीकडे गेली. नांदेडचंही तेच. आमच्या वर्गातले निम्मे आज पुण्यात आहेत. त्यांची अडचण पैसे देण्याची नाही. पैसे देऊन जे हवं आहे ते गावाकडे मिळत नाही, ही आहे.

मागच्या वर्षी एका मित्राच्या आत्यासाठी नांदेडच्या बाजूला एक आश्रम बघायला गेलो होतो (नाव राहू द्या). शनिवारी सकाळी अकराची वेळ. व्यवस्थापकांनी प्रेमानं सगळं दाखवलं. प्रार्थनेचा हॉल, सोलरचं गरम पाणी, भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या, वाढदिवसाच्या केकचे फोटो. जेवण चांगलं होतं, आम्ही जेवलोही. मी विचारलं, रात्री कोण असतं? "वॉचमन असतो नं सर." म्हटलं, वॉचमन गेटवर असतो, आत कोण? तर "सगळे आपले चालते-फिरतेच आहेत, तशी गरज पडत नाही." आणि चालणं बंद झालं तर? तर घरच्यांना फोन करून घेऊन जायला सांगतात. फॉर्मवरच लिहिलेलं होतं.

म्हणजे सांभाळायची खरी गरज ज्या दिवशी सुरू होते, त्याच दिवशी आश्रम संपतो! अशी अट घालणारे आश्रम बरेच आहेत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना हिशेब माहीत आहे इतकंच.

हिशेब आपणही करून बघू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अशी दहा माणसं आणि रात्रीचे दहा तास धरा. प्रत्येकाची पाच वेळा, म्हणजे पन्नास फेऱ्या. कूस बदलणं, डायपर बघणं, पाण्याचा घोट देणं, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी ५०० मिनिटं. आठ तास वीस मिनिटं! एका मावशीची अख्खी रात्र गेली, तीही कोणी पडलं नाही, कोणाचा श्वास अडकला नाही असं धरून. जड माणसाला वळवायला दोघी लागतात, ते वेगळंच. आमच्या हापिसात रात्री तीनला सर्व्हर झोपला तर ऑन-कॉलवरच्याला फोन जातो, त्यानं उचलला नाही तर पुढच्याला. सर्व्हरसाठी हं.

कायदा काय म्हणतो? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांची सोय असलेला वृद्धाश्रम सांगितला आहे, पण राज्य सरकार तो स्थापन "करू शकेल" अशा भाषेत. आमच्याकडे रिक्वायरमेंटमध्ये "करू शकेल" लिहिलं की ते काम कोणी करत नाही, हा अनुभव आहे. खाजगी वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होता. ते लोकसभेत पडून राहिलं आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळलं. त्यावर कुठे मेणबत्त्या लागल्याचं आठवत नाही.

त्यामुळे तूर्त तपासणी आपल्यालाच करायची आहे. सकाळी अकराला जाऊ नका, रात्री साडेनऊला जा. मावशींना पगार किती आणि किती वर्षं टिकल्या ते विचारा, दर तीन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर कोणाला कुठली गोळी हे कोणाच्याच डोक्यात राहत नाही. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं तेही विचारा. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, आणि अंथरुणावरच्या माणसाला पाणी जास्त लागतं, कमी नाही. आणि रात्रीच्या दोन मावशींसाठी महिन्याची फी वाढली तर "सेवाभाव राहिला नाही" म्हणून कुरकुरू नका. आठ तास वीस मिनिटं फुकटात कोण करणार?

मित्राची आत्या अजून घरीच आहे. शेजारच्या एक काकू रात्री सोबतीला येतात, तो त्यांना दरमहा पैसे पाठवतो. त्या दिवाळीत आठ दिवस मुलीकडे जाणार आहेत. तेव्हाचं काय, ते अजून ठरायचं आहे.