गेको पाळायचाय? आधी किडे पाळा!

आमच्या ऑफिसात दोघांकडे काचेच्या पेटीत गेको आहे. घरच्या पालीला झाडू मारणारी माणसं ही, पण असो! त्यातला एक परवा म्हणाला, "तू गोंदियाचा ना? तुमच्या धानाच्या बांधीत किडेच किडे. सुट्टीत जाशील तेव्हा डबाभर घेऊन ये की. फुकटात काम होईल."

फुकट दिसतं, पण ते महागात पडणारं आहे.

एक तर खोडकिडा आणि तुडतुड्यांसाठी आमच्याकडे धानावर फवारणी होते. बांधीवरचा नाकतोडा टणाटण उड्या मारतोय म्हणजे त्याच्या अंगावर औषध नाही, असं अजिबात नाही. दुसरं म्हणजे काजवे. पावसाच्या तोंडावर गावाकडे झाडं लखलखतात, फार सुंदर दिसतं. पण काही काजव्यांत भेकाच्या विषासारखं विष असतं, आणि एखादा काजवा खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. रानातली पाल नको ते सोडून दुसरीकडे जाते. पेटीतली कुठे जाणार? तुम्ही टाकाल तेच तिचं जेवण.

मग द्यायचं काय? माझ्या मते पैदास केलेले रातकिडे आणि मीलवर्म. मीलवर्म डब्यात कोंड्यावर वाढतात, पाण्यासाठी गाजराची चकती पुरते. गोंदियात राईस मिलचा कोंडा ढिगानं मिळतो, पण तो तेलकट, लवकर खवट होतो. त्यापेक्षा गव्हाचा बरा. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. उरलेले रातकिडे रात्रभर पेटीत ठेवू नका, ते उलट गेकोलाच चावतात.

खरी गोम कॅल्शियमची आहे. या किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. नुसते तेच खाऊ घातले तर हाडं मऊ पडतात, जबडा आणि पाय वाकतात. म्हणून किड्यांना आधी एक दिवस चांगला भाजीपाला खिलवायचा, मग कॅल्शियमची पूड लावून द्यायचे. ही पूड म्हणजे चैन नाही, जेवणातलं मीठ समजा.

आणि हो, 'गेकोच आणतो नागझिऱ्याहून' असं कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. अभयारण्यातून प्राणी उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. दुकानातून घेतानाही ती जात पाळायला परवानगी आहे का, हे वनखात्याकडे आधी विचारा.

लेपर्ड गेको नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. तेवढ्यात आपल्या पाच कंपन्या बदलून होतील. उद्या ऑनसाइट मिळालं तर किड्यांचे डबे कोण बघणार? आई? तिला आधी विचारलंत का? :)

माझं म्हणणं एवढंच, की आधी तीन महिने फक्त किडे सांभाळून बघा. वास, किरकिर, डबा साफ करणं, सगळं. जमलं तर गेको आणा. नाही जमलं, तर एक मुका जीव वाचला.