कॉम्प्युटर सांगतो, मग चाचणी कशाला?

मंडळी, तेलाशी माझा संबंध फोडणीपुरता. तरी आज खनिज तेलावर लिहितो आहे, कारण आमच्या घरातल्याच एका इंजिनिअरने परवा जेवताना ऐकवले, "काका, पाइपातलं सगळं आता कॉम्प्युटरवर कळतं. प्रत्यक्ष चाचण्या म्हणजे पैशाचा चुराडा."

हे मला अजिबात मान्य नाही!

आधी प्रश्न समजून घेऊ. विहिरीतून नुसते तेल येत नाही. तेल, वायू, पाणी आणि थोडी वाळू एकाच पाइपातून येतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. पाइपाच्या खोलगट भागात द्रव साचतो, मागे वायू कोंडतो आणि दाब वाढला की सगळा लोंढा एकदम वर येतो. नळाला पाणी येताना तो आधी फुसफुसतो आणि मग भसकन ओततो, तसेच. फक्त इथे टनावारी. तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या टाकीला हा लोंढा झेपला नाही तर काम ठप्प. शेजारी माणसे वावरत असतात, हे विसरू नये.

पूर्वीची बरीच सूत्रे बारीक नळ्यांत, कमी दाबाखाली, हवा-पाणी खेळवून काढलेली. मोठ्या पाइपांना लावली की ती चुकत. म्हणून १९८० च्या दशकात नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळ टिलर येथे सिंटेफ या संशोधन संस्थेची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. आठ इंची पाइप, सुमारे पन्नास मीटर उभी चढण, उच्च दाबाचा नायट्रोजन आणि पेट्रोलियम द्रव. 'ओल्गा' हा प्रसिद्ध प्रोग्रॅम तिथल्या मोजमापांशी ताडून घडवला गेला. पुढे २००७ मध्ये स्नोव्हित क्षेत्रातला मिश्र प्रवाह समुद्रतळावरून १४३ किलोमीटर लांब किनाऱ्यावर आणला गेला. असे धाडस निव्वळ कल्पनेवर होत नाही.

म्हणजे कॉम्प्युटरला शहाणे केले ते चाचणीने. आता गुरूलाच म्हणायचे, घरी बसा?

कॉम्प्युटर झटपट आहे, स्वस्त आहे, कबूल. पण न मोजलेल्या परिस्थितीत तोही अंदाजच करतो. फक्त दशांश चिन्हानंतर चार आकडे देऊन! उत्पादकाने आपले यंत्र आपल्याच कारखान्यात स्वच्छ पाण्यावर तपासले, तर ते गाइडमधल्या प्रश्नांवर परीक्षा घेण्यासारखे. वर पेपरही स्वतःच तपासायचा!

हा प्रश्न परका नाही. १९७४ साली मुंबई हायला तेल लागले. तिथेही विहिरींच्या प्लॅटफॉर्मवरून प्रक्रियेच्या प्लॅटफॉर्मकडे असाच मिश्र प्रवाह जातो. पैसा आपला, समुद्र आपला, राबणारी माणसेही आपली.

तेव्हा यंत्र खरेदी करणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. चाचणी कोणत्या द्रवावर झाली? किती दाबाखाली? किती व्यासाच्या पाइपात? आणि निकालावर तिऱ्हाइताची सही आहे का? उत्तरे नसतील तर यंत्राला सरळ नापास करावे. ग्रेस मार्क देऊ नयेत.